इंजिनाखालचा विस्तव

लढाई संपल्यानंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यात आमचा ट्रक सकाळी सुरू होईनासा झाला. बटण दाबलं की आत कुठेतरी 'टक्' असा आवाज यायचा आणि पुढे काही नाही. पुन्हा दाबलं की पुन्हा टक्.

लष्कराने मोडीत काढलेला तो ट्रक मी आणि माझा भागीदार अशा दोघांनी मिळून घेतला होता. भागीदार माझ्याच आळीतला, बरोबरीचा. तो फौजेत ड्रायव्हर झाला, मी घरची शेती बघत राहिलो. परत आल्यावर त्यानेच ट्रकचं डोक्यात घेतलं. गाडी तो चालवायचा. मी शेजारी बसायचो आणि वहीत लिहायचो: किती वाजता निघालो, किती मैल झाले, पेट्रोल किती लागलं. त्यावरून तो माझी टर उडवायचा. "ह्यो शिंकला तरी वहीत लिवतोय," असं चार लोकांत सांगायचा, आणि मीही हसायचो.

आमचं गाव मलकापूरच्या पुढे. गावालगतच्या गुऱ्हाळाचा गूळ सांगलीच्या पेठेत पोचवायचं काम आमच्याकडे होतं. अंतर साधारण पंचेचाळीस मैल. भरलेल्या गाडीला तीन तास लागत, आणि सौदा सुरू होण्याआधी ढेपा उतरायला हव्यात, म्हणजे साडेसहाला निघालंच पाहिजे. संध्याकाळी गाडी भरून आमच्या अंगणात लावायची आणि उजाडताना हलवायची, असा क्रम होता.

थंडी वाढली तशी गाडी अडायला लागली. भागीदार म्हणाला, "इंजन गारठलंय रं. फौजेत आमी असंच करायचो." तो गुऱ्हाळावर गेला आणि चुलाणातला विस्तव घमेल्यात भरून घेऊन आला. घमेलं इंजिनाखाली सरकवलं. मी माझं घोंगडं बॉनेटवर पसरलं. दोघं उकिडवे बसून विस्तवावर वारा घालत राहिलो. तेल जरा पातळ झालं की गुऱ्हाळावरचे दोन गडी बोलावून हँडल मारायचं. कधी पाऊण तास लागे, कधी सव्वा. सांगलीला पोचेपर्यंत सौदा उरकत आलेला असायचा.

चार दिवस असा उशीर झाल्यावर गुऱ्हाळाचा मालक मला म्हणाला, "आनि आठ दिस बघतो. न्हाई जमलं तर दुसरी गाडी लावीन. राग मानू नगा." राग मानण्यासारखं काही नव्हतंच. हे एकच काम हंगामभर पुरणारं होतं. ते गेलं तर गाडी अंगणात उभी राहिली असती.

अशा अकरा सकाळी गेल्या. वहीत रोज एक ओळ: किती वेळा टक् झालं, विस्तव किती मिनिटं ठेवला, गाडी किती वाजता निघाली. शेवटच्या रकान्यात कारण. अकराही ओळींत मी स्वतःच्या हाताने 'थंडी' असं लिहिलं होतं.

अकराव्या दिवशी त्या ओळी वाचताना एक गोष्ट खटकली. सातव्या सकाळी आभाळ भरून आलेलं, थंडी जवळजवळ नव्हतीच. त्या दिवशीही गाडी पहिल्यांदा अडलीच होती. विस्तव बारा मिनिटं पुरला होता, एवढाच फरक.

बाराव्या सकाळी भागीदार विस्तव आणायला गेला तेव्हा मी बायकोला हाक मारली आणि तिला ड्रायव्हरच्या जागेवर बसवलं. ती दारात सडा घालत होती, हात ओलेच होते.

"आवं, मला काय कळतंय ह्यातलं?"

"कळायचं काही नाही. मी म्हटलं की बटण दाबायचं."

"आन् सुटली म्हंजे गाडी? मला घिऊन सांगलीला जाईल!"

"सुटत नाही म्हणून तर बसवलंय."

मी पुढचे दिवे लावले आणि तिला बटण दाबायला सांगितलं. टक्. दिवे होते तसेच राहिले, मंद झाले नाहीत. दिव्यांची तार सरळ बॅटरीवरून येते. म्हणजे बॅटरीत जोर होता. तो स्टार्टरपर्यंत पोचत नव्हता. मी बॅटरीच्या दोन्ही टोकांचे स्क्रू आवळून पाहिले, ते घट्ट होते. मग तिला आठ-दहा वेळा दाबायला लावलं आणि बॅटरीपासून स्टार्टरकडे जाणाऱ्या केबलवर हात ठेवला. हात काढून घ्यावा लागला. सगळी गाडी दवाने भिजून गार पडलेली आणि ती केबल तेवढी पोळत होती.

ती माझ्या करंगळीएवढी होती. आमची केबल अंगठ्याहून जाड होती. ते मला पक्कं ठाऊक होतं, कारण ती चेसिसला घासत होती त्या जागी मीच मेणाचा दोरा तीन पदरी गुंडाळला होता. या केबलला दोरा नव्हता. बारीक तारेतून उन्हाच्या दिवसांत भागत असेल, पण थंडीत इंजिन जड झालं की जादा जोर लागतो, आणि तो हिच्यातून जात नव्हता.

"मग थंडीचं काय?" बायकोने विचारलं.

"थंडीने फक्त दाखवलं."

भागीदार घमेलं घेऊन आला. वाऱ्याने राख उडून त्याच्या भुवयांवर बसली होती. मी विचारलं, "ही केबल कवा बदलली रं?"

"कुठली?" तो वाकून बघत म्हणाला. "ही व्हय? गाडी घेतली तवापास्नं हीच हाय की."

त्याने घमेलं इंजिनाखाली सरकवलं आणि वारा घालायला बसला. मला वाटलं, माझीच चूक होत असेल. गाडी घेऊन तेरा महिने झाले होते, तेवढ्यात काही आपल्या नजरेतून सुटलं असेल.

हँडल मारून निघालो. सांगलीत पोचलो तेव्हा साडेदहा वाजून गेले होते. पेठेत एक नवा निळा रंग दिलेला ट्रक ढेपा उतरवत होता. भागीदार अडत्याकडे गेला. मी त्या ट्रकशेजारून जाताना त्याच्या फूटबोर्डावरची बॅटरीची पेटी उघडी दिसली. आत जाड केबल, आणि तिच्यावर मेणाचा दोरा, तीन पदरी.

त्याचा ड्रायव्हर बिडी ओढत उभा होता. मी विचारलं, "केबल कुठं मिळाली? आम्हाला मिळत नाही."

"मिळतीया कुठं! ही तुमच्याच भागीदारानं दसऱ्याला बशिवली. अर्धा मालकच हाय की त्यो हिचा." आणि मग खुशीत म्हणाला, "उद्यापास्नं तुमच्या गावचं गुऱ्हाळ बी आमीच करनार. बोलून ठिवलंय त्यानं."

दसऱ्याला मी बहिणीच्या गावी, रहिमतपूरला गेलो होतो. खंडेनवमीला गाडी धुऊन पूजा त्यानेच केली होती. बॉनेटवरचं हळदकुंकू आल्यावर मी पाहिलं होतं आणि बरं वाटलं होतं.

तो अडत्याकडून परत आला, निळ्या ट्रकजवळ मला उभा बघून थांबला.

"सांगनार व्हतो तुला," तो म्हणाला.

"कधी?"

"दुसरी केबल मिळाली की परत लावनार व्हतो. आईच्यान."

"मागितली असतीस तर दिली असती मी."

"न्हाई गड्या. तू आदी तिची लांबी मोजली असतीस. मग कशाला, कुनासाठी, किती दिस, समदं इचारलं असतंस. आन् मग म्हनला असतास, उद्या सांगतो."

हे खरं होतं, म्हणून जास्तच लागलं.

"आणि गुऱ्हाळ?"

"ते आपल्या हातनं जानारच व्हतं. लोकाच्या गाडीला जान्यापरीस माज्या गाडीला गेलं, तर तुजं काय बिगडलं?"

"जाणार होतं ते कशामुळं?"

त्याने पायाने जमिनीवरचा गुळाचा खडा बाजूला लोटला.

मी आणखी एकच विचारलं. "बारा सकाळी माझ्याजवळ बसून वारा घालत होतास. काय चालायचं मनात?"

"गाडी सुरू व्हावी, ह्येच," तो म्हणाला. "खरंच सांगतो. लय वाटायचं."

मला आजही वाटतं की तो खोटं बोलत नव्हता. पण यापुढे मला हिशेब जमत नाही. केबल नेली, समजलं. मालकाशी बोलला, तेही समजलं. पण माझ्या घोंगड्याखाली रोज विस्तव सारताना त्याला दोष थंडीचा नाही हे माहीत होतं आणि तरी तो 'लय गारठलीया' म्हणत होता. त्या बारा सकाळी माझ्याशेजारी बसलेला माणूस कुठला, हे मला ठरवता आलेलं नाही.

केबल त्याने तिथेच काढून दिली, पेठेतली माणसं बघत होती तरी. निळ्या गाडीसाठी त्याने पुढे कुठूनशी दुसरी मिळवली. मी म्हणालो, दोन गाड्यांपैकी कुठलीही एक घे, दोन्ही नाहीत. त्याने निळी घेतली. गुऱ्हाळ तिच्याबरोबर गेलं. मालकाला मी काही सांगितलं नाही. त्याचा गूळ वेळेवर पोचत होता.

मी पाटणकडचा एक ड्रायव्हर ठेवला आणि मिळेल तो माल नेऊ लागलो. जाड केबल लावल्यावर गाडी कितीही थंडीत पहिल्या दाबाला सुरू व्हायची. रस्त्यात निळा ट्रक समोरून आला की तो लांबूनच हॉर्न वाजवायचा, पूर्वी आळीत हाक मारायचा तसा दोनदा. आमच्या ड्रायव्हरला मी सांगून ठेवलं होतं, आपण वाजवायचा नाही.