धुरानं गेलेली काच

मोखाड्याच्या एसटी स्टँडवर बा माझ्या खिडकीखाली उभा होता आणि म्हणत होता, "कोरडी जा, कोरडी ये." भर वैशाख. पोशेऱ्याच्या आमच्या विहिरीत चिखलसुद्धा उरला नव्हता. कंडक्टर खो खो हसला. "काका, आधी ढग तरी दाखवा!" पण बाला दुसरा निरोप येतच नव्हता. लावणीला निघालेल्या आईला, शाळेला निघालेल्या मला, तो हेच म्हणायचा. मी मुंबईहून पुढे जर्मनीला शिकायला चालले होते. तिकीट-पासपोर्ट पुन्हा पुन्हा तपासण्यात मी त्याच्याकडे धड पाहिलंही नाही.

मी जात्याच घाबरट. डोंगर उतरून लांब गेलेल्या तुम्हा सगळ्यांना ठाऊक असेल, फोन अवेळी वाजला की आधी घरचंच काहीतरी मनात येतं. मी दर रविवारी गावातल्या दुकानाच्या फोनवर बाला गाठायची, आणि तो येईपर्यंत माझा जीव टांगणीला.

माझं काम ऊन पकडणाऱ्या काचा बनवायचं. प्लास्टिकच्या जातीच्या रसायनाची शाई काचेवर पसरायची, उन्हातून ती वीज काढते. पण शाई आणि वीज गोळा करणारी काच यांच्यामध्ये आणखी एक थर लागतो, इंटरलेयर, केसाहून कितीतरी पातळ. तो नीट नसेल तर वीज मधेच अडून बसते. माझी सगळी पीएचडी त्या थरावर. आणि त्या निळसर मेल्या थराची खोड अशी, की तो हवेतली ओल प्यायचा आणि शेजारचा थर खाऊन टाकायचा. म्हणून सगळं बंद पेटीत, कोरड्या वायूत करायचं. बाला सांगितलं, "पाण्याचा अंशही चालत नाही रे." तो म्हणाला, "मंग हितं कर की! होळी झाली का आपल्याकडं पाणी हाय कुठं?"

हसले खरी, पण त्यानं पाडाभर सांगून ठेवलं होतं की पोरगी उन्हाचा दिवा आणणार आहे.

सुट्टी मिळाली ती नेमकी आषाढात. बाला दाखवायला आणलेल्या काचेच्या कडा डिंकानं बंद केल्या, तरी विमानात दहा वेळा पिशवी चाचपली. उघडीप पडली तशी अंगणात काच धरली आणि तिला जोडलेला बारका लाल दिवा लागला. बाची मान ताठ! ओल लागू नये म्हणून तो रोज संध्याकाळी ती काच चुलीवर टांगायचा, काकडी-दुध्याचं बियाणं धुरात टांगतात तिथंच.

चौथ्या दिवशी ऊन पडलं, माणसं जमली, दिवा लागेना. मी काच पदरानं लख्ख पुसली. धूर निघून गेला, तरी दिवा नाही. मला कळायचं ते कळलं, माझ्याच थरानं ओल प्यायली होती. तोंड उघडणार तेवढ्यात बा म्हणाला, "धुरानं गेली. माजीच चूक. पोरीनं चांगली आणली हुती." आणि मी मूग गिळून बसले. एवढं शिकलेली मी!

परत गेले. थरांची उतरंडच उलटी केली, तो निळा थर वीज गोळा करणाऱ्या काचेपासून दूर नेला, तिथं एका धातूच्या भस्माचा थर दिला. काच महिनोन्‌महिने टिकायला लागली. लोकांनी कौतुक केलं. इकडे भावानं फोनवर सांगितलं, पाड्यात म्हणच पडलीय, काही बिघडलं की म्हणतात, "बाच्या काचंगत धुरात टांगलीस काय?" तो हसत हसत म्हणाला. त्या दिवशी मला जेवण गेलं नाही. बाला काही झालं आणि हे सांगायचंच राहिलं तर? वर्षानुवर्षं हीच धाकधूक.

शेवटी मागच्या खेपेला चुलीपाशी बसून सांगून टाकलं. "बा, धुराचा दोष नव्हता. माझाच थर कच्चा होता."

त्यानं लाकूड आत सारलं. "धुरात टांगलेलं बी कदी मेलंय का? तू काच पुसलीस तवाच मला कळलं."

"मग लोकांचं एवढं ऐकून का घेतलंस?"

"मला हितंच ऱ्हायचंय. मला हसले तर काय जातंय? तुला हसले असते तर तू परत आली नसतीस."

वर पाहिलं. ती मेलेली काच बियाण्याशेजारी अजून टांगलेली होती. तिकडे कुणी विचारतं, तुझं घर कुठलं? मी पोशेरा सांगते, आणि डोळ्यांसमोर तेवढी चुलीवरची जागा येते.

नवी काच त्याच खुंटीला अडकवून निघाले. ती आषाढ काढेल की नाही, देव जाणे. स्टँडवर बा खिडकीखाली उभा राहिला, आता जरा वाकलेला. "कोरडी जा, कोरडी ये."

या खेपेला मात्र मी त्याच्याकडे नीट पाहिलं. आणि कोरडी काही गेले नाही.