रेडिओतल्या माणसांसाठी मूठभर पोहे

माझा भाऊ विनायक मंगळवारी सकाळी गेला. सव्वासात वाजले होते. फोन त्याच्या मुलीने, केतकीने केला. "आत्या, बाबा गेले," ती म्हणाली. मी गॅस बंद केला, चप्पल घातली आणि रिक्षा करून नव्या पनवेलला गेले.

त्याला आता पाच आठवडे झाले. विनू ज्या वर्तमानपत्रात लिहायचा, त्याच्या पुरवणीच्या संपादकांचा फोन आला, "तुम्ही बहीण, तुम्हीच लिहा," तेव्हा मी आठवडाभर काहीच कळवलं नाही. विनू माझ्यापेक्षा पाच वर्षांनी लहान. त्याच्याबद्दल सांगण्यासारखं पुष्कळ आहे, पण लिहायला बसलं की मन पुन्हा पुन्हा एकाच लेखापाशी जातं. त्याचा सगळ्यांत गाजलेला लेख. वाचक तो त्याच्या बालपणाचा म्हणून जपतात. तो त्याच्या बालपणाचा नव्हता, माझ्या बालपणाचा होता. हे आता सांगावं की नाही, ते मला अजून नीट ठरवता आलेलं नाही... तरी लिहिते आहे.

विनू पाटबंधारे खात्यात नोकरीला होता आणि उरलेल्या वेळात जुन्या रेडिओच्या काळात राहत होता. त्याच्या कथांमध्ये संध्याकाळचे प्रसंग फार असत. वॉल्व्हचा रेडिओ लावला की लगेच बोलत नाही. आधी काचेच्या पट्टीमागे दिवा लागतो, पट्टीवरची लांबलांबच्या शहरांची नावं पिवळी होतात, लाकडाला ऊब येते, आणि मग कुठून तरी दुरून, पाण्यावरून यावा तसा आवाज जवळ येतो. त्या अर्ध्या मिनिटात विनूची माणसं बरंच काही करून घेत. कुणी माहेरी परतायचं ठरवी, कुणी लिहिलेलं पत्र फाडून टाकी, कुणी नुसतंच खिडकीतून मिठागरांकडे बघत राही. आवाज येईपर्यंत त्यांचं आयुष्य बदललेलं असे. असा रेडिओ जन्मात न पाहिलेली मुलंमुली त्याला कळवत, की तुमचं वाचून आम्हाला घरची आठवण येते. कुठल्या घरची, ते त्यांनाही सांगता येत नसे.

हे सगळं तो गोळा करून आणी. रविवारी स्कूटर काढून कोनला, पळस्प्याला, उरणच्या बाजूच्या गावांत जाई आणि म्हाताऱ्या माणसांसमोर मांडी घालून बसे. गाणं कुठलं होतं, हे तो कधी विचारत नसे. त्याचा एकच प्रश्न असे. "रेडिओ लागला होता तेव्हा तुमच्या हातात काय होतं?" कोनच्या जनाबाई या प्रश्नावर पदर तोंडाला लावून हसल्या होत्या. "हातान काय असनार, चिंबोरी होती! गानी कसली आयकतंय, तिनं माझा बोट पकरला होता." पुढच्या महिन्यात विनूच्या कथेत तीच खेकडी आली, आणि बोट त्याचं स्वतःचं होतं. सगळंच तो 'मी' म्हणून लिही. मी त्याची मुद्रितं तपासायची. एकदा टोकलं, तर म्हणाला, "ताई, 'तो' लिहिलं की माणूस ओसरीवरच राहतो. 'मी' लिहिलं की थेट स्वयंपाकघरात येतो." मला ते पटलं होतं. दुसऱ्यांच्या आठवणींच्या बाबतीत पटलं होतं.

त्या गाजलेल्या लेखातली गोष्ट साधी आहे. आमचे वडील भाताच्या गिरणीत कारकून होते. घरात रेडिओ आला तो उंच फळीवर, विणलेल्या रुमालाखाली बसला. स्टुलावर चढलं की त्याची मागची बाजू दिसे. पुठ्ठ्याला बारीक भोकं, आणि भोकांच्या आत नारिंगी उजेड. आत वस्तीच असावी असं वाटे. तर एका लहान मुलाला वाटतं, की बातम्या सांगणाऱ्या माणसाचा आवाज थकलेला आहे, तो जेवलेला नाही. ते मूल रोज डब्यातले चार-चार पोहे भोकांतून आत टाकतं. काही दिवसांनी घरभर करपल्याचा वास येतो. दुरुस्तीवाले कासमभाई येतात, पाठ उघडून रेडिओ तिरका करतात, आणि खाली अंथरलेल्या वर्तमानपत्रावर काळे पोहे पडतात. "भाभी," कासमभाई आईला म्हणतात, "रेडिओला नाश्ता कोण देतं?"

या लेखाचं मुद्रित तेवढं माझ्याकडे आलं नव्हतं; तो थेट छापून आला आणि विनूचं नाव झालं. वाचनालयाच्या सभागृहात त्याने तो वाचला तेव्हा मी पहिल्या रांगेत होते. शेजारी जनाबाई, विनूने आवर्जून बोलावलेल्या. त्या माझ्या कानाशी लागल्या. "ताय, भाऊ पोहं टाकत होता तवा तुमी कुठं होता?"

"तिथेच," मी म्हणाले.

"मंग अडवला नाय त्याला?"

टाळ्या सुरू झाल्या, मीही वाजवल्या.

त्या रात्री तो माझ्याकडे जेवायला होता. मी म्हणाले, "विनू, ते पोहे मी टाकले होते. तू पाळण्यात होतास."

तो हसला. "काहीतरीच काय, ताई! माझ्या बोटांना अजून आठवतंय. भोकं बारीक होती. एकेक पोहा उभा धरून घालावा लागायचा."

पोहा खरोखरच उभा धरावा लागायचा. "कासमभाईंसमोर आई मला कुजबुजत रागावत होती," मी म्हणाले, "कारण तू नुकता झोपला होतास."

त्याने हात धुतले. जाताना 'येतो' म्हणाला नाही. तो दोन महिने आला नाही. बोलून मोकळं वाटेल असं मला वाटलं होतं, तसं झालं नाही. पण शब्द मागे घ्यावेत असंही वाटलं नाही. माझी छत्तीस वर्षं शाळेच्या ग्रंथालयात लोकांनी लिहिलेली पुस्तकं लावण्यात गेली. मी लग्न केलं नाही, लांबचा प्रवास केला नाही. कुणाला सांगावं असं माझ्याकडे फार काही नव्हतं. हे एक होतं, आणि ते हजार लोकांना त्याचं म्हणून पाठ झालं होतं.

मग एका रविवारी सकाळी तो दारात उभा राहिला. आत यायच्या आधीच त्याने विचारलं, "ताई, तुझ्या हातात काय होतं?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न त्याने मला कधी विचारला नव्हता. "पोहे," मी म्हणाले.

"तेव्हा नाही. मला कांजिण्या आल्या होत्या तेव्हा."

मी खुर्चीवर बसले. तो सहा वर्षांचा, मी अकरा. खोलीत अंधार केलेला, खिडकीला आईचं जुनं लुगडं. माझ्या हातात कडुलिंबाची डहाळी होती. त्याने खाजवू नये म्हणून मी ती त्याच्या पाठीवरून फिरवत असे, आणि दुपारभर त्याला पोह्यांची तीच एक गोष्ट हवी असे...

"कुणाचं नाव घालून सांगायचीस?" त्याने विचारलं.

"माझं."

"नीट आठव."

मी आठवलं. ते वर यायला वेळ लागला. 'आमचा विनू एवढासा होता ना, तेव्हा त्याने काय केलं...' तो हसावा म्हणून मी माझा खोडकरपणा त्याच्या नावावर करत होते. पलीकडच्या खोलीतल्या आईने माझा अपराध विसरावा, असंही थोडं मनात असावं. पोहा उभा कसा धरायचा, ते मीच त्याला डहाळीचं पान धरून दाखवलं होतं.

"म्हणजे मी ढापलेली नाही," विनू म्हणाला. "तू दिलेली आहे."

"उसनी दिली होती."

"मग परत मागायला इतकी वर्षं लावतात?" आम्ही दोघंही हसलो. तो आत आला, चहा घेतला, आणि मग एकदम म्हणाला, "पण टाकलेस कशाला?"

"भोकांत बसतात का, ते बघायला."

"बस्? बातम्यावाला उपाशी आहे म्हणून नाही?"

"ते तू लिहिलंस."

"मी नाही लिहिलं गं. ते तू सांगायचीस. तेवढ्यासाठी तर मला ती गोष्ट रोज हवी असायची."

"मी असलं काही म्हणणं शक्य नाही, विनू. मी तशी नव्हते."

"होतीस."

त्यानंतरचे बरेच रविवार या वादात सुखाने गेले. खुलासा छापतो म्हणून तो अडून बसला. मीच नको म्हणाले. शेवटच्या आठवड्यात, बोलताना त्याला धाप लागत होती तेव्हा, त्याने माझा हात धरला. "ताई, ते उपाशी माणसाचं... तुझंच आहे." मी म्हणाले, "तुझं आहे, झोप आता." त्याने डोळे मिटूनच नाही म्हणून मान हलवली.

तेराव्याला उरणहून एक वाचक आला. तरुण होता, आमच्यापैकी कुणाच्याच ओळखीचा नव्हता. त्याने खिशातून पुडी काढली आणि विनूच्या फोटोपुढे मूठभर पोहे ठेवले. केतकीने माझ्याकडे पाहिलं. तिला सगळं माहीत होतं. मी त्या मुलाला काही सांगितलं नाही, जेवून जा म्हणाले.

रेडिओ कधीच भंगारात गेला. कासमभाई गेले, आई-वडील गेले, आता विनू. पोहे मी टाकले होते, एवढं मला नक्की ठाऊक आहे. आतली माणसं उपाशी असतील ही काळजी आमच्यापैकी कुणाची होती, ते आता फक्त मला विचारता येतं, आणि मला आठवत नाही.