तिसरा चौकोन

शिवप्पा मास्तर गेल्याचा फोन आला, तेव्हा मी त्यांचाच किस्सा रंगवत होतो. आमच्या सोलापूरच्या क्लबच्या कट्ट्यावर पाच-सहा जण हसून लोळत होते... मास्तरांच्या होटगीच्या संघातून खो-खो खेळणारी भाग्यश्री मी कशी पळवली, तो किस्सा. नव्या बुटांचं खोकं जादूगारासारखं कसं उघडलं, तिच्या वडिलांपुढं चषकांनी भरलेलं कपाट हवेतच कसं उभं केलं, आणि वर मास्तरांनी मलाच चहा कसा पाजला. फोन ठेवला तरी हशा ओसरला नव्हता.

या किश्श्याचा शेवट मी कधीच सांगत नसे. तशी चपळ पोरगी मी दुसरी पाहिली नाही. पण आमच्या क्लबचे कार्यकर्ते म्हणजे संघातल्या मुलींचेच बाप. प्रशिक्षक असूनही त्यांच्या लेकींना वगळायची माझी छाती नव्हती. भाग्यश्री दोन वर्षं राखीव राहिली. मग परत का नाही पाठवली? होटगीकडून खेळली असती, तर तिनं आम्हालाच हरवलं असतं. एवढंच कारण.

मास्तर एकदाच आले. हळूच म्हणाले, "तुमी नेली, त्याचं काय न्हाय. खेळवा तरी की."

मी नाटकी हात जोडून पुढच्या स्पर्धेचं वचन दिलं. त्याआधीच तिनं खेळ सोडला. तेव्हा कुठं मी होटगीला परत जा म्हटलं, तर म्हणाली, "कुठल्या तोंडानं जाऊ, सर?"

मास्तरांना जाऊन तीन आठवडे झाल्यावर मी होटगीला गेलो. मैदानावर मुलींचा सराव चालू होता. दोन खांबांमध्ये आठ चौकोन ताज्या फक्कीनं आखलेले, बसलेल्या मात्र सातच जणी. तिसरा चौकोन रिकामा. कुणी आजारी आहे का, असं मी विचारलं.

"न्हाय की. ती भाग्यश्रीताईची जागा हाय," एक मुलगी म्हणाली. "सरावाला तितं कुणी बसायचं न्हाय. मास्तर म्हणायचे, येईल ती."

"मग तिथं खो कुणाला देता?"

"द्यायचाच न्हाय. पुढं पळायचं."

एक विनोद ओठांवर आला होता, तो गिळला... तिथूनच भाग्यश्रीला फोन लावला. तुझा चौकोन अजून आखतात, एवढंच सांगितलं. तिनं फोन ठेवला नाही. मुलींचे "खो" तिला ऐकू जात असावेत. आयुष्यात पहिल्यांदाच मी बोलणं थांबवलं, आणि फोन मैदानाकडं धरून उभा राहिलो.