असरू रजोकरीलाच थांबतो

असरू हरियाणातल्या मेवातचा, ट्रकवाला. एकतीस वर्षं तो गुजरातेतल्या मोरबीच्या फरशा दिल्लीला आणत होता. फरशांचं गोदाम कीर्तिनगरात आणि गोदामामागच्या गल्लीतच त्याची खोली. माल उतरेपर्यंत तो बायकोजवळ, असगरीजवळ राहायचा. महिन्यातून चार खेपा, दर खेपेला एक दिवस. एवढ्याच दिवसांत त्यांनी चार मुली वाढवल्या आणि उजवल्या.

मी रजोकरीला, दिल्लीच्या सीमेवर, वजनकाट्यावर बसतो, म्हणून तो मला ठाऊक. गेल्या नोव्हेंबरात हवा इतकी बिघडली की काट्यावरून समोरचा पूल दिसेना. जुन्या डिझेलच्या ट्रकांना शहरबंदी झाली. पोलिसांनी सगळे ट्रक बाजूच्या रस्त्यावर कोंबले. असरूच्या पुढे सळयांचा ट्रेलर, मागे कांद्याची गाडी, डावीकडे भिंत. पुढे जाता येईना, वळताही येईना. माल सोडून चालत निघावं, तर ताडपत्री कापणारे टपलेलेच. सहा दिवस त्यानं चाकाच्या आडोशाला स्टोव्ह पेटवून रोट्या भाजल्या.

तिसऱ्या दिवशी मी त्याच्याकडे चहा पीत असताना असगरीचा फोन आला; त्यानं तो स्पीकरवर लावला. तिला वर्षानुवर्षांचा दमा.

"कशी आहेस?" त्यानं विचारलं.

"खरं सांगू? बरी आहे. काल पंप ओढावा लागला नाही."

"इथं तर डोळे झोंबतायत."

"इथंही धूर आहेच. पण गल्लीत ट्रक नाहीत ना. आज खिडकी उघडली. तुम्ही कधी येताय?"

असरूनं स्टोव्ह विझवला. मग म्हणाला, "उघडीच ठेव," आणि फोन ठेवला.

"सकाळी ब्रेकची हवा भरेपर्यंत मी इंजिन चालू ठेवायचो," तो मला म्हणाला, "तिच्याच खिडकीखाली. आणि डॉक्टरांना विचारत फिरायचो, हिला बाधतंय तरी काय."

सातव्या दिवशी मालकानं, चुघसेठनं, विजेवर चालणारे छोटे टेम्पो पाठवले. त्यातला एक राजबाला चालवायची. नजफगढची, चाळिशीची, तोंडाची फटकळ.

"ताऊ, तुमचा हत्ती इथंच बांधा. आता शहरात आमच्या शेळ्या जाणार."

"शेळीला सांग, खड्ड्यात उड्या मारू नकोस. फरशा आहेत."

दोन दिवसांत ट्रक रिकामा झाला. सेठला ही रीत इतकी पसंत पडली की त्यानं सीमेबाहेरच गोदाम घेतलं. बंदी उठली, तरी मोठे ट्रक आता तिथंच थांबायचे. चार तासांत माल उतरे, परतीचा चढे आणि असरूला पुन्हा मोरबीची वाट.

त्यानं सेठला गाठलं. "मला एक छोटा टेम्पो द्या. घरी तरी जाईन."

"देतो की. मोरबीच्या खेपांना तुझ्यासारखा माणूस आणून दे, उद्या किल्ली घे."

असरूनं दोन्ही पुतण्यांना विचारलं. दोघंही हसले. ट्रकवर यायला कोण तयार होतंय आता? मग त्यानं असगरीला गावी चल म्हटलं. ती शाळेत मुलांचं जेवण रांधते. "आत्ता कुठं मला जिना चढता येतोय," ती म्हणाली, "आणि तुम्ही गावी न्यायला निघालात? तिथंही तुम्ही कुठं असणार?"

फाल्गुनात एका दुपारी परतीचा माल यायला उशीर झाला. ट्रक माझ्या नजरेखाली सोडून असरू राजबालाच्या टेम्पोत बसून घरी गेला. खोलीला कुलूप होतं. पूर्वी ट्रकचा आवाज ऐकून असगरी शाळेतून निघायची. टेम्पोला कसला आवाज? त्यानं फोन केला, पण तिनं उचलला नाही; शाळेत रांधत असणार. तो पायरीवर बसून राहिला. ती आली तेव्हा टेम्पो रिकामा होऊन राजबाला निघायच्या तयारीत होती.

असगरी दोन मजले न थांबता चढली. "बघा," ती म्हणाली, "दम लागला नाही."

"बघितलं," तो म्हणाला. पाणी प्यायला, आणि खाली उतरला.

हे त्यानंच मला सांगितलं, परत आल्यावर, ट्रकचे दोर आवळता आवळता. अजूनही तो महिन्यातून चारदा काट्यावर येतो आणि तिथूनच वळतो. ईदला दोन दिवस घरी जातो. सेठ दुसरा ड्रायव्हर शोधतोय म्हणे. मी तरी अजून कुणी आलेलं पाहिलेलं नाही.