बिल्डिंगची आत्या

मुलुंडच्या आमच्या बिल्डिंगमध्ये रत्नाताईंना आत्या म्हणणारी इतकी मुलं होती, की नव्याने राहायला आलेल्यांना वाटायचं, या बाईंना भाऊ आहेत तरी किती! भाऊ खरं तर एकच, माझे यजमान श्यामकांत. पण बारशाला आत्या लागते, आणि बिल्डिंगमधल्या बहुतेकांच्या आत्या कणकवली-देवगडकडे. कुणाची भातलावणीत अडकलेली, कुणाचं भावाशी बोलणं नाही, कुणाला एसटीत बसलं की उलट्या होतात. मग कुणाच्या घरी पाळणा बांधला की आमची बेल वाजायची.

"रत्नाताई, रविवारी आमच्याकडे आत्या व्हाल का?"

रत्नाताई लगेच हो म्हणायच्या नाहीत. "आधी मूल बघू दे," म्हणायच्या. भांडुपच्या एका औषधांच्या कंपनीत त्या पॅकिंग खात्यात होत्या. संध्याकाळी घरी येऊन, चहा घेऊन, पदर सारखा करून त्या बाळ बघायला जायच्या. सासरे परळच्या गिरणीत होते, ते गेले तेव्हा श्यामकांत शाळेत होते. तेव्हापासून घर चालवलं ते रत्नाताईंनी. लग्नाचं राहिलं ते राहिलंच. त्याबद्दल त्यांना कुणी हळहळून विचारलं की त्या म्हणायच्या, "अहो, अर्ध्या बिल्डिंगची मुलं माझी भाचरं आहेत. आणखी एक घर कशाला हवं?"

बाळाशेजारी बसून त्या हळू आवाजात एकेक नाव घेऊन बघायच्या. भटजींनी दिलेल्या अक्षरावरूनच, पण पसंती त्यांची. नाव गॅलरीतून हाक मारली तर खाली मैदानात ऐकू गेलं पाहिजे, हे एक. आणि दुसरं, ते रागावून घेऊन बघायचं. "लाडात काय, कुठलंही नाव गोडच लागतं," त्या म्हणायच्या. "संतापून घ्या. तेव्हासुद्धा ते आपल्याच पोराचं वाटलं, तर ठेवा."

माझ्या दोन्ही मुलांची नावंही त्यांचीच. मीराचं निभावलं. मुलाचं नाव त्यांनी मार्तंड ठेवलं तेव्हा माझी आई म्हणाली होती, "एवढंसं पोर आणि मार्तंड?" तो स्वतःही आत्याशी त्यावरून भांडायचा.

"आत्या, तुझ्यामुळे माझी वाट लागलीय. वर्गात सगळ्यांची नावं कशी झकास आहेत."

"पण बाई तुला कधी विसरतात का रे?"

"तेच तर ना! फळा पुसायला रोज मलाच उठवतात."

हे सगळं चालू होतं ते पुष्कर जाईपर्यंत. पुष्कर हा तिसऱ्या मजल्यावरच्या नलिनीचा मुलगा. त्याचं नाव रत्नाताईंनीच ठेवलं होतं आणि त्यांना स्वतःला ते फार आवडायचं. तो चालायला लागल्यावर कठड्याला धरून एकटा जिना उतरायचा आणि मी त्याला धरायला मागे धावायचे. दीड वर्षाचा असताना त्याला ताप आला, तो मेंदूत गेला. आम्ही दोघी भेटायला गेलो तेव्हा नलिनी भिंतीला टेकून बसली होती. तिच्या सासूबाई आमच्याकडे न बघता म्हणाल्या, "नावच लाभलं नाही पोराला."

दुःखात माणूस काय बोलेल याला धरबंध नसतो. मी ते तिथेच सोडून दिलं. पण रत्नाताई नलिनीच्या तोंडाकडे बघत होत्या. ती "नाही" म्हणेल, निदान मान हलवेल, याची वाट बघत होत्या. नलिनी काहीच बोलली नाही.

त्यानंतर रत्नाताई कुणाच्याही बारशाला गेल्या नाहीत. बेल वाजली की आतूनच सांगायच्या, "कंपनीत ओव्हरटाइम आहे." नलिनी जिन्यात समोर आली तर दोघी खाली बघून एकमेकींना वाट द्यायच्या. अशी दोन-तीन वर्षं गेली.

मग १९८६च्या थंडीत श्यामकांत ऑफिसातून येताना कापडी पिशवीत एक पिल्लू घेऊन आले. भांडुप स्टेशनाबाहेर सायकलच्या दुकानाखाली सापडलं म्हणे. तपकिरी, एक पाय पांढरा, पोट नुसतं फुगलेलं. मी दारातच उभी राहिले.

"हे घरात येणार नाही. चावलं म्हणजे? मुलांना पोटात चौदा इंजेक्शनं घ्यायला लावणार आहात का?"

"अगं, त्याला अजून धड दात नाहीत."

"येतील ना!"

तेवढ्यात रत्नाताई मागून म्हणाल्या, "शुभा, देवळात मार्तंडाच्या पायाशी कुत्रा असतोच. तूच तेवढी त्याला दारात अडवतेस." आणि माझ्या काखेखालून हात घालून त्यांनी पिशवी आत घेतली. खंडोबापुढे मी काय बोलणार? रात्रभर पिल्लू कुंईकुंई करत राहिलं आणि सकाळी उठून बघते तर रत्नाताईंच्या जुन्या शालीवर झोपलेलं.

नावावरून घरात भांडणं लागली. मार्तंडला रॉकी हवं होतं. मीराला स्नोई. पिल्लाच्या अंगावर पांढरं म्हणावं ते एका पायापुरतं, तरीही. श्यामकांत म्हणाले, "कुत्र्याला मोती म्हणतात. यात चर्चा कसली?" पिल्लू तिन्ही नावांना सारखंच धावत यायचं, कारण प्रत्येकाच्या हातात काहीतरी खायला असायचं. शेवटी मीराच म्हणाली, "आपण भांडतोय कशाला? घरात आत्या आहे ना."

"मी नाही," रत्नाताई ताटावरून न उठता म्हणाल्या. "नाव ठेवणं मी सोडलं."

"पण कुत्र्याचंच तर आहे," मार्तंड म्हणाला.

"कुत्र्याचं असो नाहीतर माणसाचं. सोडलं म्हणजे सोडलं. भात वाढ, शुभा."

मुलांना पुष्करचं नीटसं आठवत नव्हतं, त्यामुळे त्यांना हा नुसताच हट्ट वाटला. मला मात्र कारण माहीत होतं. मी तशी भित्रीच. मुलं शाळेतून यायला जरा उशीर झाला की मी गॅलरी आणि दार यांमध्ये येरझारा घालते. त्यात आता ही एक काळजी, की एवढ्याशा प्राण्यावरून रत्नाताईंची ती जखम पुन्हा उघडते की काय.

पण एक गोष्ट मला दिसत होती. संध्याकाळी मी भाजी आणायला जायचे, त्या वेळी त्या पिल्लाला स्वयंपाकघरात घेऊन बसायच्या. एकदा पैशाचं पाकीट विसरले म्हणून परत आले, तर कणीक मळता मळता त्या हळू आवाजात काहीतरी म्हणत होत्या. एक शब्द, मग थांबणं. पुन्हा दुसरा शब्द. पिल्लू मान वाकडी करून त्यांच्याकडे बघत होतं. त्या नावं घेऊन बघत होत्या! माझी चाहूल लागताच गप्प झाल्या आणि म्हणाल्या, "कणीक सैल झाली आज."

त्याच आठवड्यात पिल्लाने खाणं सोडलं. डॉक्टरांनी औषध दिलं, जगतं की नाही ते आठवड्यात कळेल म्हणाले. रत्नाताई चमच्याने त्याला पाणी पाजत बसल्या होत्या. मी न राहवून म्हटलं, "ताई, एखादं नाव ठेवा हो. हाक मारली तर जरा हुशारी वाटेल त्याला."

त्यांनी चमचा खाली ठेवला. "नाव नाही तेच बरंय, शुभा. असंच गेलं तर नुसतं एक पिल्लू गेलं. नाव ठेवलं की मग कुणीतरी जातं."

पिल्लू जगलं. पुढल्या आठवड्यात तर त्याने माझी चप्पल खाल्ली. आणि ते जगलं या आनंदात मुलांनी मला न विचारता परस्पर ठरवून टाकलं, की रविवारी त्याचं बारसं करायचं. बिल्डिंगभर आमंत्रणं देऊन आली दोघं.

"सगळ्यांकडे गेलात?" मी विचारलं.

"सगळ्यांकडे," मीरा म्हणाली. "तिसऱ्या मजल्यावर पण. नलिनीकाकू म्हणाल्या, येते."

नको म्हणून सांगायला जावं, तर नलिनीचा अपमान. रत्नाताईंना सांगावं, तर त्या घराबाहेर निघून जातील. शनिवारी धीर करून सांगितलंच. त्या म्हणाल्या, "घुगऱ्या मी करीन. तुझ्या नेहमी कच्च्या राहतात. पण मी बाहेर येणार नाही, आणि नाव ठेवणार नाही. मुलांना सांगून ठेव."

रविवारी संध्याकाळी बाहेरच्या खोलीत भाजीच्या टोपलीत मीराचा जुना फ्रॉक अंथरून मुलांनी पाळणा केला. बायका जमल्या. सगळ्यांत आधी तळमजल्याच्या वनमालाकाकू, हातात साखरेची वाटी.

"गो शुभा, कुत्र्याचा बारसा? तुमका खूळ लागला काय?" म्हणत त्या सगळ्यांच्या पुढे जाऊन बसल्या. "आणि ही टोपली? पुढच्या रविवारी हिच्यातसून वांगी आणशीत मा?"

सगळ्या हसल्या. नलिनी सर्वांत शेवटी आली आणि दाराजवळ उभी राहिली. स्वयंपाकघराचा पडदा ओढलेला होता. आतून घुगऱ्यांच्या फोडणीचा वास येत होता.

"आता आत्याक हाडा भायर," पडद्याकडे बोट दाखवत वनमालाकाकू म्हणाल्या.

मुलं माझ्या तोंडाकडे बघायला लागली. मी घाबरून पिल्लाला उचललं आणि म्हटलं, "असू दे, मीच ठेवते नाव. आईने ठेवलं तर काय बिघडलं?"

"आई नाही ठेवत," दाराजवळून नलिनी म्हणाली. "आत्या ठेवते."

नलिनी सगळ्यांच्या मधून वाट काढत पडद्यापाशी गेली. पडदा तिने बाजूला केला नाही. बाहेरूनच बोलली.

"रत्नाताई."

आतला झाऱ्याचा आवाज थांबला.

"तुम्ही जिन्यात भेटायचात ना, तेव्हा दर वेळी वाटायचं, आता तुम्ही त्याचं नाव घ्याल. तुम्ही ठेवलेलं नाव. तुम्ही तरी घ्याल. पण कुणीच घेत नाही हो. घरात तर कुणी उच्चारसुद्धा करू देत नाही."

मला वाटलं, झालं, आता त्या बाहेर येतच नाहीत. मग पडदा सरकला. रत्नाताईंच्या हाताला हळद लागली होती आणि डोळे लाल झाले होते.

"तुझ्या सासूबाई त्या दिवशी म्हणाल्या..."

"मी ऐकलं नव्हतं, ताई. त्या दिवशी मी कुणाचंच काही ऐकलं नाही. कुणीतरी नंतर सांगितलं, तोवर तुम्ही माझ्याकडे बघायचं सोडलं होतंत."

"मला वाटलं, तुलाही तसंच वाटतं."

"नाव चांगलं होतं," नलिनी म्हणाली. "दीड वर्ष दिवसभर मी तेच तर घेत होते."

रत्नाताईंनी पदराला हात पुसले. त्या टोपलीशी आल्या, माझ्या हातातून पिल्लू घेतलं आणि मला म्हणाल्या, "असं धरतात होय? पोट दबतंय त्याचं." ते ऐकून माझा जीव भांड्यात पडला. खाली बसून त्यांनी त्याचा कान उचलला आणि तोंड जवळ नेऊन "कुर्रर्र" केलं. पिल्लाने त्यांचं नाक चाटलं. मग त्यांनी कानात नाव सांगितलं आणि मान वर करून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हटलं,

"जिवा."

"बरा नाव हा," वनमालाकाकू म्हणाल्या.

मार्तंड धावत गॅलरीत गेला आणि खालच्या मैदानाकडे तोंड करून ओरडला, "जिवाऽऽ!" मीरा म्हणाली, "आता रागावून म्हण," आणि तो गरजला, "जिवा! चप्पल सोड!" दोन्ही वेळा शेपूट हललं.

कुर्र झालं की आत्याच्या पाठीत बुक्के मारायचे असतात. पण कुणाचा हात उठेना. एकीने दुसरीकडे बघितलं, वनमालाकाकूसुद्धा नुसत्याच बसून राहिल्या. रत्नाताई पिल्लाला घेऊन पाठ वाकवून तशाच बसल्या होत्या. मग नलिनी खाली बसली आणि तिने त्यांच्या पाठीत एक बुक्का मारला. चांगला जोरात. मग दुसरा. मग बाकीच्यांनीही हात धुऊन घेतले, आणि खोलीत एकच गोंधळ झाला.

"पुरे गं, पुरे!" रत्नाताई हसत होत्या आणि डोळे पुसत होत्या. "नलिनी, केवढ्या जोरात मारतेस! पुष्करच्या बारशाला तर तू मला हातसुद्धा लावला नव्हतास."

"कशी लावणार?" नलिनी म्हणाली. "माझ्या मांडीवर होता ना पुष्कर."

"झोपलेला होता."

"आणि तुम्ही कुर्र केल्यावर केवढ्यांदा रडला होता!"

"आठवतंय," रत्नाताई म्हणाल्या. "पाय केवढे झाडत होता. माझा चष्मा पाडला त्याने."

मी घुगऱ्या वाढायला आत गेले. दोन वाट्या भरून त्या दोघींच्या पुढ्यात नेऊन ठेवल्या, पण कुणी हात लावला नाही. त्या बोलत होत्या. पुष्करला कुठला भात आवडायचा, जिन्यात तो कुठल्या पायरीवर बसून राहायचा, त्याचा तो पिवळा शर्ट. दोघी मधूनमधून त्याचं नाव घेत होत्या, अगदी सहज, जसं खाली खेळायला गेलेल्या मुलाचं घ्यावं. बाकीच्या बायका निघून गेल्या तरी त्या बोलतच होत्या. जिवा तेवढ्यात नलिनीच्या वाटीतल्या घुगऱ्या खाऊ लागला, आणि दोघी एकदमच त्याच्यावर ओरडल्या.