सरांचा हात चुकला नव्हता

डॉ. रंगनाथ सोनटक्के सरांची आणि माझी पहिली भेट झाली ती महाविद्यालयाच्या मागच्या दारात. मी बोरीहून नुकतीच परभणीला शिकायला आले होते, बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाला. सर खांद्यावर गोणपाटात गुंडाळलेली बर्फाची लादी घेऊन आत येत होते आणि त्यांचा शर्ट पाठीवर चिंब भिजला होता. मला वाटले, कँटीनचे कोणीतरी असतील.

"दार धर गं पोरी, लादी वितळायली," ते म्हणाले.

मी दार धरले आणि विचारले, "काका, लग्नबिग्न हाय का कुठं?"

"हाय की. दोन रेणूंचं. पण मुहूर्त शून्य अंशाच्या खालचा निघालाय."

दुसऱ्या दिवशी तेच काका सेंद्रिय रसायनशास्त्र शिकवायला वर्गात उभे राहिले आणि मी मुकाट्याने शेवटच्या बाकावर जाऊन बसले.

सरांना पंचाहत्तर वर्षे पूर्ण होत आहेत म्हणून हा ग्रंथ निघतो आहे. समितीच्या सचिवांनी मला तीनदा फोन केला. खरे सांगायचे तर गौरवलेख लिहायचा मला आता कंटाळा आला आहे. गेल्या वर्षभरात दोन लिहून झाले. दोन्हींत 'ऋषितुल्य' होते, दोन्हींत 'ज्ञानयज्ञ' होता, आणि दोन्ही सत्कारमूर्तींना ते वाचून आनंद झाला. पन्नाशी उलटली आहे, मूल्यांकनाच्या फायलींनी टेबल भरले आहे, उत्तरपत्रिकांचे गठ्ठे वाट पाहत आहेत. हाही लेख मी तासाभरात उरकला असता. पण एक गोष्ट आडवी आली.

मराठवाड्यातल्या रसायनशास्त्राच्या लोकांत सरांना एक नाव पडले आहे: 'उलटा रेणू करणारे सोनटक्के'. चर्चासत्रांत चहाच्या वेळी ते हसत हसत घेतले जाते. या ग्रंथात लिहिणाऱ्या बहुतेकांना ते ठाऊक आहे आणि कोणीही ते लिहिणार नाही, हेही मला ठाऊक आहे. मी लिहिते आहे, कारण त्या नावामागची चूक सरांची नव्हती. ती कशी झाली हे इतकी वर्षे एकाच माणसाला माहीत होते.

आधी सरांच्या कामाविषयी. आपल्याकडचे जुने गुराखी जनावराच्या चिघळलेल्या जखमेला एका झाडाची साल उगाळून लावत. त्या सालीतला गुणकारी पदार्थ दूरच्या एका प्रयोगशाळेने वेगळा काढला आणि त्याच्या रेणूची रचना कागदावर मांडली. पण अख्खे झाड सोलले तरी तो पदार्थ चिमूटभरसुद्धा मिळत नाही. म्हणून सरांनी ठरवले की हा रेणू साध्या, बाजारात मिळणाऱ्या रसायनांपासून प्रयोगशाळेत रचायचा. एक तुकडा जोडायचा, नको तो काढायचा, मग पुढचा जोडायचा, अशा एकवीस पायऱ्या. दर पायरीला थोडा माल वाया जातो. आम्ही चाळीस ग्रॅमने सुरुवात करत असू आणि शेवटी काचेच्या कुपीच्या बुडाला जे दिसे ते पुसून घेतले तर बोटालाही लागले नसते.

पुस्तकांतल्या कृती उणे अठ्ठ्याहत्तर अंशांच्या असतात. आमच्याकडे बर्फाच्या कारखान्यातली लादी आणि खडे मीठ होते, बाहेर बेचाळीस-त्रेचाळीसचे ऊन होते आणि वीज कधी जाईल याचा नेम नव्हता. सरांनी तक्रार करण्यात वेळ घालवला नाही. त्यांनी सगळा मार्गच नव्याने आखला. एकही पायरी उणे पंधराच्या खाली जाणार नाही आणि ढवळणारे यंत्र दोन तास थांबले तरी चंबूतले काही बिघडणार नाही, अशी ती आखणी होती. त्याला ते 'परभणीचा रस्ता' म्हणत. एका मोठ्या शहरातल्या प्राध्यापकांनी यावर चेष्टा केली, तेव्हा सर म्हणाले, "आमच्या गावच्या उन्हाला इचारल्याबिगर आमाला कायबी करता येत न्हाई, साहेब." मला आजही वाटते की सरांची खरी विद्वत्ता त्या रस्त्यात होती, आणि तिच्याविषयी कोणी कधी बोलले नाही.

माणूस म्हणून सर कसे आहेत हे सांगायला एक प्रसंग पुरेल. जिंतूरकडची एक विद्यार्थिनी दिवाळीनंतर आईवडिलांबरोबर ऊसतोडीला जात असे आणि तिची प्रात्यक्षिके बुडत. सरांनी तिच्यासाठी पावसाळ्यातच रविवारी प्रयोगशाळा उघडायला सुरुवात केली. वर्षभराची प्रात्यक्षिके तिने तीन महिन्यांत केली. "उसाचा हंगाम आपल्या वेळापत्रकापरमाणं थोडाच येणार हाय?" एवढेच ते म्हणाले. ती मुलगी आज औषधनिर्मितीच्या कारखान्यात गुणवत्ता तपासते.

आता त्या उलट्या रेणूविषयी. काही रेणूंना डावे आणि उजवे असे दोन अवतार असतात, चपलांच्या जोडासारखे. दोन्हींत सगळे तेच, पण डावी चप्पल उजव्या पायात बसत नाही. शरीरावरही त्यांतला एकच काम करतो. आमच्या पहिल्या पायरीला लागणारे आम्ल असेच डावे-उजवे होते आणि दोन्हींच्या बाटल्या फ्रिजमध्ये शेजारी शेजारी असत. रसायनांच्या वाफांनी आणि ओल्या हातांनी बाटल्यांवरची लेबले पुसून जात, म्हणून सरांची एक रीत होती: बाटलीच्या गळ्याला ते स्वतःच्या हाताने दोरा बांधत. जे वापरायचे त्याला लाल आणि जे नुसते तुलनेसाठी ठेवलेले, त्याला पांढरा. आम्हा विद्यार्थ्यांना लेबल वाचायची सवयच राहिली नव्हती. दोरा बघायचा आणि बाटली उचलायची.

मी सरांकडे पीएच.डी.ला होते त्या काळातली, मे महिन्यातली गोष्ट. गावी धाकट्या बहिणीची हळद होती. दुपारी वीज गेली आणि बराच वेळ आली नाही, म्हणून फ्रिजमधल्या बाटल्या मी बर्फाच्या पाण्यात ठेवल्या. सर दारात येऊन म्हणाले, "आता तू जा बरं. चारची बस चुकंल. बहिणीची हळद काय दरसाल असती का?" आणि ते परीक्षेच्या कामाला गेले. वीज आली तशी मी बाटल्या बाहेर काढल्या तर भिजलेले दोन्ही दोरे सुटून पाण्यावर तरंगत होते. मी ते पुन्हा बांधले. आठवेल तसे, घाईघाईत. बाटल्या फ्रिजमध्ये टाकल्या आणि बस गाठली. चार दिवसांनी परत आले तेव्हा हे मी विसरूनही गेले होते.

पुढची तीन वर्षे मी लाल दोऱ्याच्या बाटलीतूनच माल घेतला. प्रकाश कोणत्या बाजूला वळतो हे पाहून डावे-उजवे ओळखण्याचे आमचे यंत्र, पोलारिमीटर, तेव्हा बंद पडले होते. ते दुरुस्त होऊन आले तेव्हा माझ्या एकवीस पायऱ्या संपल्या होत्या आणि कुपीत चार मिलिग्रॅम पांढरी पूड होती. रेणूची रचना दाखवणाऱ्या, बाहेरगावाहून आलेल्या एनएमआरच्या आलेखात एकेक शिखर झाडातल्या रेणूशी जुळत होते; डावे-उजवे मात्र त्यात सारखेच दिसतात. सरांनी पेढे आणले होते. मग आम्ही पोलारिमीटरचा पिवळा दिवा लावला. प्रकाश उलट्या बाजूला वळला.

सरांनी तीनदा वाचन घेतले. मग ते उठले, फ्रिजमधून पांढऱ्या दोऱ्याची बाटली काढली, तिच्यातले चिमूटभर पाण्यात विरघळवून तेही यंत्रात पाहिले आणि खुर्चीवर बसले. "दोरे उलटे हायेत, मुक्ता," ते म्हणाले. "मी उलटे बांधले."

त्या क्षणी मला ती दुपार आठवली. पाण्यावर तरंगणारे दोरेसुद्धा दिसले. तोंड उघडायला एक क्षण पुरला असता. पण माझ्या नोंदणीची मुदत संपत आली होती आणि पदवीवर माझी विभागातली तात्पुरती नोकरी कायम व्हायची होती. मी गप्प बसले.

खुल्या मौखिक परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी नेमके तेच विचारले, रेणू उलटा कसा झाला. मी उत्तर द्यायच्या आधी सर उभे राहिले. "बाटलीला खूण मी केलती. ही चूक मार्गदर्शकाची हाय, विद्यार्थिनीची न्हाई. तिनं पायऱ्या कशा केल्या तेवढं बघा." परीक्षकांनी तेवढेच पाहिले आणि मला पदवी मिळाली. प्रबंधाच्या शीर्षकात 'आरशातील प्रतिरूप' असे शब्द घातले गेले. वर्षभरात परदेशातल्या एका गटाने तोच रेणू बरोबर बाजूने तयार केला आणि विषय संपला. बरोबर बाजूने पुन्हा सुरुवात करण्यासाठी सरांनी पाठवलेला निधीचा प्रस्ताव नामंजूर होऊन परत आला. ज्याला डावे-उजवे कळत नाही त्याला पुन्हा कशाला द्यायचे, असे तिथे कोणीतरी बोलल्याचे आमच्या कानावर आले. निवृत्तीला तीन वर्षे उरली होती. सरांनी मोठा रेणू पुन्हा हातात घेतला नाही. प्रत्येक बाटली ते तीनतीनदा पाहत आणि शेवटी कोणाला तरी हाक मारून विचारत, "हीच का रे?" मी ते ऐकत असे आणि आपल्या टेबलाकडे वळत असे.

याला आता अठरा वर्षे झाली. या काळात मी त्याच विभागात प्राध्यापक झाले, विभागप्रमुख झाले, आणि 'उलटा रेणू' हे शब्द कानावर पडले की चहाचा कप घेऊन खिडकीशी जाऊन उभी राहू लागले. त्या गप्प बसण्यानेच मी थकले आहे. कामाने माणूस एवढा थकत नाही.

मागच्या महिन्यात या लेखासाठी माहिती घ्यायला मी सरांच्या घरी गेले. सर आत झोपले होते. काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, बोलता बोलता म्हणाल्या, "आता यांचं वय झालं म्हणायचं, दुसरं काय. बीपीची गोळी सोताच्या हातानं घेत न्हाईत. मलाच पाकीट वाचायला लावतेत. म्हणतेत, माझा हात चुकतो. लय वर्षं झाली बघ असंच. गॅस तीनदा बघायचा, कुलूप तीनदा बघायचं."

लय वर्षे म्हणजे किती, हे मी विचारले नाही. मला ते माहीत होते.

सर उठून बाहेर आले, नेहमीसारखे "काय म्हणती लेक?" म्हणत खुर्चीत बसले. मी कागद-पेन बाजूला ठेवले आणि एका दमात सांगून टाकले की ते दोरे सुटले होते आणि मी ते पुन्हा बांधले होते. सर रागावतील किंवा 'जाऊ दे' म्हणतील, असे मला वाटले होते. त्यांनी यांतले काहीच केले नाही. एखाद्या प्रयोगाची नोंद तपासावी तसे ते विचारत गेले.

"कवा?"

"बहिणीच्या हळदीच्या दिवशी."

"लाईट गेलती त्या दिवशी?"

"हो, सर."

"दोन्ही दोरे सुटलते?"

"दोन्ही."

ते आपल्या तळहातांकडे बघत राहिले. मग काकूंकडे वळून म्हणाले, "आईकलंस का? मी बरोबर बांधलेते." आणि थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "मी बरोबर बांधलेते."

काकू उठून आत गेल्या. माझ्याकडे त्यांनी पाहिले नाही. सर म्हणाले, "अठरा वर्षं, मुक्ता. लय उशीर केलास गं." आवाजात राग नव्हता. तो असता तर मला बरे वाटले असते. मी निघाले तेव्हा ते काठी टेकत फाटकापर्यंत आले आणि म्हणाले, "हे त्या पुस्तकात लिहू नगंस. तुझी नोकरी बाकी हाय अजून. खामखा बदनामी कशाला?"

सरांचे मी आजवर सगळे ऐकले. हे एवढे ऐकणार नाही. समितीला हा भाग अयोग्य वाटला तर त्यांनी अख्खा लेख परत करावा, पण यातला एवढाच तुकडा कापू नये. आणि यापुढे चर्चासत्रांत ज्यांना 'उलटा रेणू' म्हणून हसायचे असेल, त्यांनी कृपया डॉ. मुक्ता यांचे नाव घ्यावे. परभणीचा रस्ता बरोबर होता आणि त्या रस्त्यावर पहिली बाटली ठेवणारा हातही बरोबर होता.

परवा काकूंचा फोन आला. पूर्वीसारख्या मोकळ्या बोलल्या नाहीत, पण बोलल्या. दोन दिवस सरांनी गोळी आपली आपण घेतली. तिसऱ्या दिवशी पाकीट हातात घेऊन थांबले आणि पुन्हा विचारले, "हीच का गं?"

अठरा वर्षांची सवय दोन दिवसांत जात नाही. तिला जायला वेळ लागेल आणि तेवढा वेळ सरांना मिळो, असे मी आज मागते आहे. अशा ग्रंथांत शंभर वर्षे चिंतण्याची पद्धत आहे. मला आकड्याचे काही वाटत नाही. एखाद्या सकाळी सरांनी पाकीट उघडावे, कोणालाही न विचारता गोळी तोंडात टाकावी, वर पाणी प्यावे आणि आपण काही विशेष केले हे त्यांच्या ध्यानातही येऊ नये. त्या सकाळनंतर त्यांना पुष्कळ वर्षे मिळोत, निरोगी आणि बिनघोर. मी त्यांची अठरा घेतली, त्याहून निदान एक तरी जास्त.