आधी अनंताला जाऊन या

बेसलमास्तर जन्मभर गणितातल्या एकाच फलनावर जगले. ढोलाच्या कातड्यावर थाप पडली की ते कातडं कोणत्या आकारात थरथरतं, हे सांगणारं ते बेसल फलन. मास्तर ते शिकवायचे, दुसरं काही नाही. माणूस नाकासमोर चालणारा. "नियमात बसतं का?" हे त्यांचं पालुपद. एकदा लग्नाची बोलणी चालू असताना मुलगी पसंत आहे का असं विचारलं, तर ते म्हणाले, "ऑफिसात विचारून सांगतो." ते लग्न तिथेच बारगळलं.

शेजारच्या खोलीत त्यांची सख्खी थोरली बहीण लेजांद्र फलन शिकवायची. तापलेल्या गोळ्यावर उष्णता कशी वाटली जाते, त्याचा हिशेब या फलनातून लागतो. सगळी संस्था तिला ताई म्हणायची. आई गेल्यावर मास्तरांना तिनंच वाढवलं, पाढे तिनंच घोकून घेतले, नोकरीलाही तिनंच चिकटवलं. दोन खोल्यांमधली भिंत पातळ होती. भावानं फळ्यावर चूक केली की खडूच्या आवाजावरून तिला कळे आणि भिंतीवर टकटक होई. मग चूक सापडेपर्यंत मास्तर घामाघूम.

संस्थेचा नियम एवढाच की स्वतंत्र फलनाला स्वतंत्र खोली. त्यावर सगळ्यांचं बरं चाललं होतं. मग नवे साहेब आले, हायपरजिओमेट्रिक फलनाचे. हे फलन म्हणजे बडं प्रस्थ. त्यात आकड्यांसाठी तीन जागा मोकळ्या असतात; नेमके आकडे भरले की त्यातून दुसरी कितीतरी फलनं निघतात. साहेबांनी पहिल्याच दिवशी मजला फिरून दारादारावर बोट ठेवलं. "हा माझाच प्रकार. हाही माझाच. म्हणजे खोल्याही माझ्याच."

हेडक्लार्कना यात काही खटकलं नाही. संध्याकाळपर्यंत तीन प्राध्यापक मांडीवर पुस्तकं घेऊन जिन्याखाली बसले होते. ताईच्या दाराला मात्र कुणी हात लावला नाही. हेडक्लार्क तिचे जुने विद्यार्थी, अजूनही तिला टरकून असत.

दुसऱ्या दिवशी साहेब बेसलमास्तरांच्या दाराशी आले, तसं मास्तरांच्या तोंडचं पाणी पळालं. ते तडक ऑफिसात गेले आणि आयुष्यात पहिल्यांदा आवाज चढवून बोलले.

"मी यांच्यातून सरळ निघत नाही! त्या तीन जागांतले वरचे दोन आकडे अनंताकडे न्यावे लागतात, तेव्हा कुठे बेसल मिळतं. साहेबांनी आधी अनंताला जाऊन यावं, मग खोली घ्यावी."

हेडक्लार्कनी चष्मा पुसला. "मुद्दा रास्त आहे. साहेब, आपण जाऊन आलात?"

"कुठे?"

"अनंताला."

इतक्या लोकांसमोर साहेबांना नाही म्हणवेना. "निघायचंच आहे," ते म्हणाले. तेव्हापासून ते रोज सकाळी डबा घेऊन फाटकाबाहेर पडू लागले. अनंत उजवीकडे आहे असं पहारेकऱ्यानं सांगितलं, कारण डावीकडचा रस्ता खणलेला होता. जेवणाच्या सुट्टीनंतर साहेब धुळीनं माखून परत येत.

"पोचलात?"

"नाही अजून."

"मग खोली नाही."

मास्तरांचा भाव एकदम वधारला. जिन्याखालचे प्राध्यापक त्यांना नमस्कार करू लागले. पण ऑफिसच्या हाती आता नियम आला होता, आणि नियमापुढे हेडक्लार्कना ताईचंही भय उरलं नाही. जे फलन अनंताला न जाता मिळतं, त्याची खोली साहेबांची. लेजांद्र तर तीन आकडे भरले की बसल्या जागी मिळतं. दुपारी शिपायांनी ताईचं टेबल जिन्याखाली नेऊन ठेवलं. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि दोर आणून दिला सख्ख्या भावानं.

मास्तर पुन्हा ऑफिसात धावले. "तिला माझ्या खोलीत बसू द्या. आमच्या फलनांचं नातं आहे. लेजांद्रचा क्रमांक वाढवत अनंताला नेला आणि गोळ्याच्या माथ्याशी बारकाईनं बघितलं, तर बेसलच दिसतं!"

"मग ताई अनंताला जाऊन आल्या का?" हेडक्लार्क मऊ आवाजात म्हणाले. "मास्तर, नियम तुमचाच आहे."

मास्तर खोलीत आले. फळ्यावर एक ओळ लिहिली, मुद्दाम चुकीची लिहिली, आणि थांबले. भिंतीपलीकडून टकटक आली नाही. त्यांना स्वतःची इतकी लाज वाटली की त्यांनी ती ओळ पुसलीसुद्धा नाही. ते उठले, फाटकात साहेबांना गाठलं आणि म्हणाले, "मी तुमचाच प्रकार आहे. जायची गरज नाही. खोली घ्या."

मग स्वतःचं टेबल डोक्यावर घेऊन ते जिना उतरले आणि ताईच्या टेबलाशेजारी ठेवलं.

"हे काय?" ताई म्हणाली.

"खोली सोडली. तू इथे आणि मी वर, मला नाही जमलं ताई."

"अरे गाढवा! शिपाई घरी गेले की मी खुर्ची उचलून तुझ्याच खोलीत येणार होते. दोघं बसलो असतो की!"

"पण ते नियमात बसत नव्हतं. मी ऑफिसात विचारलं ना."

ताई त्यांच्याकडे बघतच राहिली. "विचारलंस कशाला?"

न विचारता काही करता येतं, हे उभ्या जन्मात मास्तरांच्या डोक्यात कधी आलंच नव्हतं.